काहीच न घडणाऱ्या मालिका

पाणंदीवरचा_दिवा
मंडळी, बरेच दिवस मनात होतं, आज लिहून टाकतो.

रात्री साडेनऊला जेवणं आवरली की आमच्या घराचे दोन भाग होतात. वरच्या खोलीत टीव्हीवरचं चर्चासत्र. आठ चौकटी, आठ माणसं, सगळी एकदम बोलणारी. खाली मी. कानात इअरफोन घालून मोबाईलवर चाळीस वर्षांपूर्वीची एक इंग्लिश मालिका बघतो. नाव 'एव्हर डिक्रीझिंग सर्कल्स'. बीबीसीवर 1984 ते 1989 या काळात चालली. मार्टिन ब्राइस नावाचा गृहस्थ, व्हॉल्व्हच्या कंपनीत नोकरीला. कॉलनीतल्या प्रत्येक कमिटीत हाच, क्रिकेटची टीम लावणारा हाच, वर्गणीची वही पण याच्याकडेच. बायको ॲन, शहाणी आणि सोशिक. शेजारी पॉल नावाचा एकजण राहायला येतो. मार्टिनला जे घाम गाळून जमत नाही, ते याला खिशात हात घालून जमतं. संपली गोष्ट.

हा मार्टिन घरात येता-जाता हॉलमधल्या फोनचा रिसीव्हर उचलतो आणि फिरवून नीट ठेवतो. दर वेळी. मागे प्रेक्षक हसतात. पहिल्यांदा मीही हसलो. परवा मात्र तो रिसीव्हर फिरवताना बघून घसा दाटून आला. कारण शोधलं तर सापडेना. घरात कुणी गेलेलं नाही, कर्ज फिटलंय, शुगर काठावर आहे पण आहे.

तर विचारायचं एवढंच. असलं मंद, जरा उदास, कॉलनीतल्या माणसांचं काही बघताना तुमचं पण असं होतं का? आणि आपल्याकडं असं कुणी करत का नाही? आमच्या देवकर पाणंदीत काय कमी मार्टिन आहेत?

तांबडा_पांढरा
झोप येत असेल, तिलाच घसा दाटणं समजलासा. हलकं घ्या.

चिवडा_मर्चंट
काका, मी 'गुल्लक' बघताना रडलोय. वीजबिलाच्या सीनला. कोण रडतं वीजबिलाला? एक भाऊ स्पर्धा परीक्षा देतोय, बाप वीज मंडळात कारकून, आई दिवसभर करवादत असते आणि घरातला मातीचा गल्ला ही सगळी गोष्ट सांगतो. आई झालेल्या गीतांजली कुलकर्णी आपल्याच. त्या पदराला हात पुसतात ना, तिथंच मी खल्लास.

पाणंदीवरचा_दिवा
@चिवडा_मर्चंट, काका नव्हे, काकू म्हणा. 'बघतो, लिहितो' वाचून फसलात. आमच्या कोल्हापुरात बायका पण 'मी जातो, मी येतो' असंच म्हणतात. वरचं चर्चासत्र आमच्या ह्यांचं.

चिवडा_मर्चंट
अरे देवा. सॉरी काकू. मी नाशिकचा.

तांबडा_पांढरा
नाशिकचा हाय म्हणून माफ.

जुना_रेडिओ
काकूंचा प्रश्न माझ्या फार जवळचा आहे, जरा लांबण लावतो.

नव्वदीच्या सुरुवातीला आमच्या राजारामपुरीत केबल आली. तेव्हा स्टार प्लस इंग्रजी चॅनेल होतं, हे आजच्या पोरांना सांगितलं तर हसतात. त्यावर 'द वंडर इयर्स' लागायची. मी नववीत. इंग्रजी निम्मं कळायचं, निम्मं मोठा भाऊ सांगायचा, त्यातलं निम्मं तो रचून सांगायचा हे नंतर कळलं. अमेरिकेतलं एक उपनगर, 1968 सालापासून पुढचा काळ, केव्हिन अर्नोल्ड नावाचा पोरगा आणि मोठा झालेला तोच केव्हिन मागून आवाजात सगळं सांगतोय. पहिल्याच भागात समोरच्या घरातल्या विनीचा भाऊ व्हिएतनाममध्ये मारला जातो. पण मालिका युद्धाची नाही. शाळेचं कँटीन, बापाची गाडी, बहिणीचं घर सोडणं, एवढंच.

केव्हिनचा बाप जॅक. संध्याकाळी ऑफिसातून येतो, कुणाशी बोलत नाही. पोरं त्याच्या चेहऱ्यावरून आजचा दिवस कसा गेला ते ओळखतात. आमचे वडील पाटबंधारे खात्यात होते. ते स्कूटर स्टँडवर कशी लावतात, त्या आवाजावरून मी आणि भाऊ अभ्यासाला बसायचं की नाही ते ठरवायचो. त्या अमेरिकन पोराच्या घरात माझे वडील कुठून आले, हे मला तेव्हा कळलं नाही.

1993 सालचा शेवटचा भाग मी पुष्कळ नंतर बघितला. सगळं गोड चाललेलं असताना मागचा आवाज अगदी सहज सांगतो की दोन वर्षांनी वडील गेले. एक वाक्य. रडारड नाही, फोटोला हार नाही. पुढच्या वाक्यात तो दुसऱ्याच कुणाबद्दल बोलायला लागतो.

माझे वडील गेले तेव्हा लोकांना मी असंच सांगितलं होतं. गाडीचं पासिंग राहिलंय म्हणावं तसं.

कातळशिल्प
@जुना_रेडिओ __/\__

खासबाग_लाल
सगळ्यांची माफी मागून वेगळं बोलतो. ही भरल्या पोटाची थेरं आहेत. आमचे वडील शिरोलीत फौंड्रीत होते, तीन पाळ्या. घरी आलं की अंगाला वाळूचा वास. त्यांना टीव्हीवर काय बघायचं असायचं? मारामारी. हिरोनं मालकाला धुतलेला. दिवसभर भट्टीपुढं उभा राहिलेला माणूस एक इंग्रज फोन सरळ करतोय ते वीस मिनिटं कशाला बघेल?

उदासी ही सवडीची गोष्ट आहे. बंगला पाहिजे, हॉल पाहिजे, हॉलात फोन पाहिजे, मग तो वाकडा असल्याचं दुःख पाहिजे. आमच्याकडं अख्ख्या गल्लीत एक फोन होता, वाण्याकडं. तो वाकडा का सरळ बघायला सवड कुणाला होती?

तांबडा_पांढरा
हाण लाल्या.

जुना_रेडिओ
@खासबाग_लाल, बरंचसं मान्य. पण तुझे वडील पाळी संपवून आल्यावर जेवायच्या आधी काय करायचे? नुसता विचारतोय.

सातासमुद्रापार
मी मूळचा रुईकर कॉलनीतला, गेली एकोणीस वर्षं न्यू जर्सीत. लालभाऊंच्या मुद्द्याला इकडचा संदर्भ देतो.

अमेरिकेतलं उपनगर आपल्या कॉलनीसारखं हळूहळू वाढलेलं नाही, ते कारखान्यातून काढल्यासारखं निघालंय. दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांना घरं हवी होती. 1947 साली लेव्हिट कंपनीनं न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर बटाट्याच्या शेतांत लेव्हिटटाउन उभारायला घेतलं. कामगारांच्या टोळ्या एका घरावरून दुसऱ्या घरावर. एक टोळी फरशी, दुसरी चौकटी, तिसरी नुसता रंग. भरात असताना दिवसाला तीस घरं. चार वर्षांत 17 हजारांवर. सगळी एका साच्यातली. आणि करारात कलम की गोऱ्याशिवाय कुणी राहायचं नाही. त्यामुळं 'वंडर इयर्स'मधली ती शांत गल्ली कुणासाठी शांत होती, हा प्रश्न लालभाऊंनी विचारलाच पाहिजे. मी पण विचारतो.

पण राहून बघितल्यावर दुसरी गोष्ट कळली. इथं संध्याकाळी गाडी येते, रिमोटनं गॅरेजचं शटर वर जातं, गाडी आत, शटर खाली. शेजाऱ्याचा चेहरा चार-चार महिने दिसत नाही. समोरच्या घरातले आजोबा वारले ते मला त्यांच्या दारातला सामानाचा सेल बघून कळलं. त्यांची चहाची किटली दोन डॉलरला होती. घेतली नाही. अजून डोक्यातून जात नाही.

मिसळ_विदाऊट_पाव
कोल्हापुरात हे होणं शक्य नाही. आमच्या गल्लीत माणूस शिंकला तर पलीकडच्या घरातून काढा येतो आणि सोबत चार प्रश्न. उदास व्हायला एकांत तर मिळाला पाहिजे! मार्टिन इथं असता तर तालमीचा सेक्रेटरी झाला असता, गणपतीत चौकात त्याच्या फोटोचं डिजिटल (फ्लेक्स) लागलं असतं, विषय संपला.

पाणंदीवरचा_दिवा
@मिसळ, तेच तर म्हणतो. डिजिटल लागलेलं असतं आणि रात्री घरी येऊन तो एकटाच फोन सरळ करतो. डिजिटलवर ते कसं दिसणार?

घरफाळा
एक मूलभूत शंका. कोल्हापूरला उपनगर आहे का?

1972 ला महापालिका झाली, क्षेत्र 66.82 चौरस किलोमीटर. पुढची पन्नास वर्षं हद्द तसूभर हलली नाही. हद्दवाढ पाहिजे म्हणणारे एकीकडं, नको म्हणणारी गावं दुसरीकडं. 2017 मध्ये तडजोड म्हणून 42 गावांचं प्राधिकरण झालं. त्यामुळं माणूस नोकरीला शहरात, पोरं शहरातल्या शाळेत आणि राहतो ग्रामपंचायतीत. लंडनच्या बाहेर राहणाऱ्याला म्हणायचं उपनगरवासी. पाचगावात तीन मजली बंगला बांधणाऱ्याला काय म्हणायचं? ग्रामस्थ?

तांबडा_पांढरा
ग्रामस्थच. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मात्र 'रेसिडेंट्स'.

उचगाव_एक्सप्रेस
हद्दवाढीला आमचा विरोध का आहे ते एकदा नीट समजून घ्या. पहिली गोष्ट, शेतजमिनीवर आरक्षणं

संपादक
हद्दवाढीचा स्वतंत्र धागा आहे, त्यावर 412 प्रतिसाद आहेत, तिकडं जा. एक प्रतिसाद अर्धवट ठेवला आहे. इथं मालिकांवर बोला.

टेम्सकाठची_शालू
'एव्हर डिक्रीझिंग सर्कल्स' लिहिणाऱ्या एसमंड आणि लार्बी या जोडीनंच आधी 'द गुड लाइफ' लिहिली होती, 1975 ते 78. त्यातही हाच नट, रिचर्ड ब्रायर्स. चाळिशी आली म्हणून नोकरी सोडतो आणि लंडनजवळच्या सर्बिटनमध्ये घरामागच्या बागेत डुकरं पाळतो, बटाटे लावतो. गंमत म्हणजे शूटिंग सर्बिटनमध्ये झालंच नाही. बाहेरचे प्रसंग लंडनच्या पार दुसऱ्या टोकाला, नॉर्थवुडला घेतले. मी हौसेनं सर्बिटन स्टेशनवर उतरून फोटो काढून आले होते. कशाचे, देव जाणे.

काकू, तुम्ही 'बटरफ्लाइज' बघा. रिया नावाची गृहिणी, नवरा दातांचा डॉक्टर आणि फुलपाखरं टाचून ठेवणारा, दोन मोठी मुलं, आणि तिला स्वयंपाक अजिबात येत नाही. तिला एक माणूस भेटतो. ती बागेत त्याला भेटते, बोलते, घरी येते. पुढं काही होत नाही. चार सीझन काही होत नाही! बाहेरून विनोदी मालिका, मागं हशे. आणि बाई गाडीत बसून रडतेय.

चिवडा_मर्चंट
डुकरं पाळतो त्यात उदास काय आहे?

टेम्सकाठची_शालू
शेजारीण. 'गुड लाइफ'मधली मार्गो. तिला विनोद कळत नाहीत, आणि आपल्याला ते कळत नाहीत हे तिला माहीत असतं.

दिगंबर_दिवेलागण
काकूंच्या एका शब्दावरच अडलोय. 'उदास' हा शब्द फार जड आहे. दुःख नाही, निराशा नाही, हुरहूर थोडी जवळ येते. पण नेमका शब्द आपल्याकडं आहे: कातरवेळ. उजेड गेलेला नसतो, दिवा लावावा इतका अंधार झालेला नसतो.

आमची आजी तिन्हीसांजेला कुणाला आडवं होऊ द्यायची नाही. झाडू नको, नखं नको, उंबऱ्यात बसू नको. तुळशीपुढं दिवा लावा, शुभंकरोती म्हणा, पोरं घरात घ्या. लहानपणी वाटायचं हे देवाधर्माचं. आता वाटतं, जुन्या बायकांना पक्कं ठाऊक होतं की या वेळेला रिकामा बसलेला माणूस हातातून जातो. म्हणून तासभर सगळ्यांना कामाला लावायची ही युक्ती.

आता बघा, मराठी चॅनेलच्या मालिका कधी सुरू होतात? नेमक्या त्याच वेळेला. आजीचं काम टीव्हीनं उचललं. कारस्थान, विषप्रयोग, मेलेली सून परत, कर्णकर्कश्श संगीत. कातरवेळेला आत यायला फटच ठेवली नाही. काकू बघतात ती मालिका उलट करते. ती म्हणते, बस उंबऱ्यात. काही होत नाही.

कातळशिल्प
दिगंबरराव, या प्रतिसादासाठी वाचनखूण.

खासबाग_लाल
@जुना_रेडिओ, तुमचा प्रश्न दोन दिवस डोक्यात होता.

म्हातारा पाळी करून आला की मोरीत हातपाय धुवायचा आणि मागच्या दारी दगडावर बसायचा. अर्धा तास. विडी नाही, काही नाही. मागं काय होतं? गटार आणि शेवग्याचं झाड. आई म्हणायची, त्यांच्याशी आत्ता बोलू नको.

पण म्हणून मी मुद्दा सोडत नाही. त्याच्यावर मालिका कुणी काढणार नाही. फोनवाल्यावर काढतील.

कट_टू
मी गोरेगावला एडिटिंग करतो, मूळ मंगळवार पेठ. आपल्याकडं अशी मालिका का होत नाही याचं उत्तर भावनेत शोधू नका, वेळापत्रकात आहे.

अर्ध्या तासाच्या स्लॉटला जाहिराती वगळून साधारण बावीस मिनिटांचा भाग. आठवड्याला सहा, कधी सात. लेखक सीन व्हॉट्सॲपवर पाठवतो तेव्हा नट मेकअपला बसलेला असतो. तयार भागांची बँक चारावर आली की सगळ्यांचं बीपी वाढतं. दर गुरुवारी टीआरपीचे आकडे येतात. आकडा पडला की त्याच संध्याकाळी फोन: यात कॉन्फ्लिक्ट कुठाय? आता मी त्यांना काय सांगू, शेवग्याच्या झाडाकडं बघणारा माणूस हाच कॉन्फ्लिक्ट आहे म्हणून?

तीन चेहऱ्यांवर तीन-तीनदा झूम आणि ढण् ढण् ढण् करतो ना आम्ही, ती आवड नाही हो. मजकूर सोळा मिनिटांचाच आलेला असतो, बाकीचं झूम करून भरतो. गंमत बघा, थांबायला वेळ आमच्याकडं पण आहे. पण तो गप्प ठेवायची हिंमत नाही. इंग्रजांचा सीझन सहा-सात भागांचा असतो. दोन लेखक वर्षभर तेवढंच घासत बसतात.

मिसळ_विदाऊट_पाव
पण दूरदर्शनवर टिपरे होते की!

जुना_रेडिओ
दूरदर्शन नव्हे, अल्फा मराठी. 2001 ला सुरू झाली. 'श्रीयुत गंगाधर टिपरे'. प्रभावळकरांच्या स्वतःच्या 'अनुदिनी' पुस्तकावरून, दिग्दर्शन केदार शिंदे. आणि कट_टू म्हणतात त्याला पुरावाच: ती आठवड्यातून एकदाच यायची. आबा नातवाला समजून घ्यायला जातात, जमत नाही, रात्री डायरी लिहितात. माझ्या मते मार्टिनचा रिसीव्हर आणि आबांची डायरी एकाच दुकानातली.

त्याच्या आधी 'वागळे की दुनिया', 1988. आर. के. लक्ष्मण यांचा कॉमन मॅन, कुंदन शाह दिग्दर्शक, अंजन श्रीवास्तव आणि भारती आचरेकर. एका भागात वागळेला गाडीची धडक बसते, आणि गाडीवाला कोण? शाहरुख खान!

चिवडा_मर्चंट
म्हणजे उदासीला पहिली धडक शाहरुखनं दिली.

उचगाव_एक्सप्रेस
विषयाला धरून बोलतो, संपादकांनी काळजी करू नये. टीव्हीवर कोल्हापूर दाखवतात ते बघून मला उदास वाटतं. पैलवान, तांबडा-पांढरा, 'लई भारी', मिशीला पीळ. 2016 ला 'तुझ्यात जीव रंगला' आली तेव्हा वसगड्याला मालिकेतला तो वाडा बघायला गाड्यांची रांग लागायची. मी पण गेलो होतो, खोटं कशाला बोलू. पण ताराबाई पार्कात ज्या बंगल्यात दोन म्हातारी माणसं आणि सहा बंद खोल्या आहेत, तो वाडा कोण दाखवणार? पोरगा पुण्यात, पोरगी कॅनडात. माळी आठवड्यातून एकदा येतो, त्याच्याशी बोलायला मिळावं म्हणून आजोबा स्वतःच गवत वाढू देतात.

तांबडा_पांढरा
हे तुम्ही हद्दवाढीच्या धाग्यावर कधी लिहिलं नाहीसा. तिथं नुसता कालवा करतासा.

दुधाळीचा_पोर
पहिल्यांदाच लिहितोय, चुकलं तर सांभाळून घ्या.

मी हिंजवडीत असतो. आईबाबा दोघंच कोल्हापुरात. बाबा रोज संध्याकाळी गंगावेशीत दूध कट्ट्यावर जातात. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: तिथं गवळी म्हशी घेऊन येतात, समोर धार काढून देतात, लोक उभ्यानं ग्लास तोंडाला लावतात. बाबा किटली घेऊन जातात. माझ्या लहानपणी घरात सातजण होतो, दीड लिटर लागायचं.

दिवाळीत आई हळूच म्हणाली, अजून दीडच आणतात. आजी गेली, काका वेगळे झाले, आत्याचं लग्न झालं, मी इकडं. दोन माणसांना दीड लिटर. आई दही लावते, खरवडून तूप करते, उरलेलं खालच्या मजल्यावर देते. मी बाबांना विचारलं, अर्धा लिटर का नाही आणत? ते म्हणाले, किटली दीड लिटरची आहे.

पुढं काही झालं नाही. मी पुण्याला आलो. येताना आईनं तुपाची बरणी दिली. इथं माझ्याकडं आता चार बरण्या तूप आहे आणि मी तूप खात नाही.

कट_टू
हा सीन मी कापणार नाही. चॅनेल गेलं उडत.

सातासमुद्रापार
@दुधाळीचा_पोर, आईबाबांना फोन करायला उठलो. तिकडं आत्ता पहाटेचे चार वाजलेत हे नंबर लावताना लक्षात आलं.

खासबाग_लाल
दुधाळीच्या, तुझे बाबा काय करायचे?

दुधाळीचा_पोर
उद्यमनगरात टर्नर होते. दोन वर्षांपूर्वी रिटायर झाले.

खासबाग_लाल
म्हणजे भरल्या पोटाचे नव्हेत. बरं.

टेम्सकाठची_शालू
अवांतर: 'रेजिनाल्ड पेरिन' म्हणून अजून एक आहे, 1976 ची. उपनगरातून रोज लोकलनं ऑफिसला जातो आणि रोज अकरा मिनिटं उशिरा पोचतो.

घरफाळा
अकराच मिनिटं? आमच्या कॉलनीत पाणी अकरा मिनिटं उशिरा आलं तर लोक पेढे वाटतील.

पाणंदीवरचा_दिवा
सगळ्यांचे आभार. एवढं बोलाल असं वाटलं नव्हतं. 'बटरफ्लाइज' शोधतो. दिगंबरराव, तुमच्या आजींना माझा नमस्कार, त्या जिथं असतील तिथं.

काल एक गंमत झाली. चर्चासत्र चालू असताना लाइट गेली. हे खाली आले, इन्व्हर्टरवर एकच बल्ब. म्हणाले, काय बघतेस रोज? मोबाईल उभा केला, इअरफोन काढला. ह्यांना इंग्रजी भरभर कळत नाही, मी मधेमधे सांगत होतो. रिसीव्हरचा सीन आला. ते हसले नाहीत. म्हणाले, वायर पीळ खाते ना, खराब होते, बरोबर करतोय की तो.

तेवीस वर्षं ऑफिसात टेलिफोन ऑपरेटर होते ते. माझ्या लक्षातच नव्हतं.

मिसळ_विदाऊट_पाव
काकू...

तांबडा_पांढरा
लाइट आल्यावर परत वर गेले का?

पाणंदीवरचा_दिवा
गेले. अर्ध्या तासानं.

खासबाग_लाल
रात्रीचे दीड वाजलेत. कुणीतरी वर लिंक दिली असती तर बरं झालं असतं, माझी मी शोधली. दोन भाग बघितले. त्या पॉलचा मला भयंकर राग आलाय. एवढं चांगलं वागायचं कारण काय त्याला? तिसरा लावतोय.